जुन्या सायकलचा ‘ओरिजिनल’ पंप: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

फ्रेमवर बसणाऱ्या जुन्या पंपांच्या नावाखाली काय विकलं जातंय, हे जुन्या सायकली जपणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मला विकलेल्या पंपाचं वर्णन असं होतं: सत्तरच्या दशकातला ‘सिल्का इम्पेरो’, न वापरलेला, कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या स्टीलच्या तोंडासकट, ‘तुमच्या फ्रेमला शंभर टक्के बसणार’. प्रत्यक्षात हाती आला तो दोन-तीन निकामी पंपांचे तुकडे जोडून उभा केलेला पंप. पैसे परत मिळाले नाहीत. विक्रेत्याने आधी उत्तरं देणं थांबवलं आणि मग खातंच बंद केलं.

या पंपाच्या नावावर लबाडी का चालते, ते आधी समजून घ्या. सिल्का ही मूळची मिलानची कंपनी, फेलिचे साक्की यांनी 1917 मध्ये सुरू केलेली. इम्पेरोची नळी हलक्या प्लास्टिकची असायची आणि ती बऱ्याच रंगांत मिळायची, त्यामुळे फ्रेमच्या रंगाशी जुळणारा पंप घेता यायचा. त्याला क्लिप किंवा पट्टा लागत नाही. मुठीतली स्प्रिंग दाबून पंप फ्रेमच्या दोन टोकांमध्ये बसवायचा, स्प्रिंगच त्याला धरून ठेवते. अनेक हौशी लोक त्यावर कॅम्पाग्नोलोचं क्रोम केलेलं स्टीलचं तोंड वेगळं घेऊन बसवायचे. लबाडाच्या पथ्यावर पडतं ते नेमकं हेच. तोंड एकाचं आणि नळी दुसऱ्याची, हे खऱ्या पंपातही असतं, त्यामुळे जोडाजोड दिसली तरी कुणाला संशय येत नाही.

आता मापाकडे येते, कारण खरी फसवणूक तिथेच झाली. मला विचारलं गेलं ते इतकंच, “फ्रेम किती सेंटीमीटरची?” पंप विकणाऱ्याने एवढाच प्रश्न विचारला तर तिथेच सावध व्हा. फ्रेमचा आकार कुणी पायडलच्या खोक्याच्या (पायडलचा आस बसतो त्या भागाच्या) मध्यापासून आडव्या दांडीच्या मध्यापर्यंत मोजतं, कुणी तिथूनच उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत. एकाच फ्रेमचे दोन आकडे निघतात आणि पंपाला त्यातला एकही उपयोगाचा नसतो. पंपाला हवं ते मोकळं अंतर. पंप उभ्या नळीलगत बसवायचा असेल तर खाली पायडलच्या खोक्यापासून वर आडव्या दांडीच्या खालच्या बाजूपर्यंत. आडव्या दांडीखाली बसवायचा असेल तर पुढच्या सांध्यापासून मागच्या सांध्यापर्यंत. टेप सरळ नळीला लावून मोजायचं. फ्रेमवर पंपासाठी छोटी खुंटी डाखवलेली असेल तर मोजणी तिच्यापासून करायची, आणि पंपाच्या टोकाला ती खुंटी आत घेणारं भोक आहे का तेही विचारायचं.

विक्रेत्याकडून दोन आकडे घ्या: पंप मोकळा असतानाची लांबी आणि स्प्रिंग पूर्ण दाबल्यावरची लांबी. तुमचं अंतर या दोन्हींच्या मध्ये पडलं पाहिजे, आणि शक्यतो दाबलेल्या बाजूकडे झुकलेलं, नाहीतर पकड ढिली राहते. मी हे दोन्ही आकडे मागितले होते. उत्तर आलं, “पॅकिंग उघडलं तर किंमत जाते.” फोटोत मात्र पंप उघडाच ठेवलेला होता.

आलेला पंप मोकळ्या लांबीत बरोबर होता. दाबायला गेले तर मूठ हलेना. मूठ खोलली तेव्हा आत स्प्रिंगचे जेमतेम चार वेढे निघाले आणि लांबी भरून काढायला लाकडी दांडीचा तुकडा ठोकलेला. अशा पंपात पकड धरायला काहीच नसतं. पहिल्या खड्ड्याला तो सुटतो, आणि सुटलेला पंप पुढच्या चाकाच्या आरांत गेला तर चाक जागच्या जागी अडकून माणूस हँडलवरून फेकला जातो. म्हणून ही केवळ पैशांची लुबाडणूक नाही. ज्याने ती दांडी ठोकली त्याला हे पक्कं माहीत होतं.

तोंडाची परीक्षा लोहचुंबकाने होते. कॅम्पाग्नोलोचं तोंड स्टीलचं, त्याला चुंबक घट्ट चिकटतो आणि हातात ते जड लागतं. माझ्याकडे आलेल्याला चुंबक चिकटला नाही; ते चकचकीत मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम होतं. नळीवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसली गेली. विक्रेत्याला चुंबक लावलेला छोटा व्हिडिओ पाठवायला सांगा. खरी वस्तू असलेल्याला त्यात काही अडचण नसते.

वॉशरचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे प्रामाणिक विक्रेत्यावरही उगाच आळ येऊ शकतो. जुन्या पंपात वाटीच्या आकाराचा चामड्याचा वॉशर असतो. तोंडावर अंगठा घट्ट धरून मूठ दाबली की आतली हवा अंगठ्याला ढकलते आणि मूठ मागे उसळते. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पंपात चामडं सुकतं आणि ही परीक्षा नापास होते, पण तो दोष मोठा नाही. वॉशर काढून तेलात मुरवायचा, त्याची कड बोटांनी बाहेर पसरवायची, बहुतेक वेळा तो पुन्हा हवा धरतो. माझ्या पंपात चामडंच नव्हतं, ट्यूबच्या रबराची कापलेली चकती होती. ‘न वापरलेल्या’ पंपात ती कुठून येईल?

‘120 पीएसआयपर्यंत सहज हवा’ (पीएसआय आणि बार ही हवेच्या दाबाची मापं) हा दावा दिसला तर आकडेमोड करून पाहा. हाताला लागणारा जोर म्हणजे दाब गुणिले नळीच्या पोकळीचं क्षेत्रफळ. आतला व्यास 20 मिलीमीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण 3.14 चौरस सेंटीमीटर. 7 बार, म्हणजे सुमारे 100 पीएसआयला, जवळपास 22 किलोचा जोर लावावा लागतो. व्यास 30 मिलीमीटर झाला की तोच जोर 50 किलोच्या घरात जातो. म्हणून अरुंद टायरला अरुंद आणि लांब पंप लागतो. जाड नळीचा पंप रुंद टायरला झटपट हवा भरतो, पण जास्त दाबाला दमवतो. दोन्ही गुण एकाच पंपात असल्याचं सांगणारा तुम्हाला गृहीत धरतोय.

व्हॉल्व्हचं तोंडही आधीच ठरवून घ्या. ट्यूबच्या व्हॉल्व्हचे प्रेस्टा आणि श्रेडर हे दोन प्रकार: प्रेस्टा बारीक असतो, श्रेडर मोटारीच्या टायरच्या व्हॉल्व्हसारखा जाड, आणि एकाचं रबर दुसऱ्याला लागत नाही. जुन्या ब्रिटिश पंपांना आट्याचं टोक असतं आणि छोटी रबरी नळी वेगळी लावावी लागते. ती सहसा हरवलेली असते, तेव्हा ‘पूर्ण संच’ म्हणजे नेमकं काय ते लेखी घ्या. ब्लूमेल्ससारख्या जुन्या ब्रिटिश पंपांत सेल्युलॉइड वापरलेलं असतं. ते काळाने आकसतं, वाकतं आणि पटकन पेट घेतं. पंप सपाट टेबलावर गडगडवून दाखवायला सांगा, बाक लगेच दिसतो.

रोज सायकल चालवणाऱ्यांना मी मनापासून झेफाल कंपनीचा एचपीएक्स हा पंप सुचवेन. ॲल्युमिनियमची नळी, मुठीतली स्प्रिंग बंद करायची कळ, त्यामुळे हवा भरताना स्प्रिंग आड येत नाही. जुन्या स्टीलच्या फ्रेमवर तो शोभतोही. नवी प्रतिकृती घेण्यातही मला काही गैर वाटत नाही, फक्त ती प्रतिकृती म्हणूनच विकली गेली पाहिजे.

बोलण्यातल्या खुणाही सांगून ठेवते. “अजून दोघं मागे लागलेत.” “इथे कमिशन जातं, थेट पाठवा.” आणि वस्तू पोहोचल्यावर, “जुन्या मालाला तक्रार चालत नाही.” हे शेवटचं ऐकून गप्प बसू नका. जुनेपणाची झीज तुम्ही मान्य केलेली असते, वर्णनात नसलेली लाकडी दांडी नाही. पैसे थेट पाठवले की मध्यस्थाचं संरक्षण जातं, म्हणून सगळा आग्रह तेवढ्यासाठीच असतो. पार्सल उघडतानाचं सलग चित्रीकरण ठेवा, आणि जाहिरातीची चित्रं त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण ती नंतर गायब होतात. माझ्याकडे ती आहेत, आणि तक्रारीसोबत मी ती जोडली आहेत.

तेच फोटो आता वेगळ्या नावाने, वेगळ्या मापासाठी पुन्हा फिरताना दिसले. करड्या कापडावर तिरका ठेवलेला निळा पंप, मुठीच्या कडेला अर्धचंद्रासारखा ओरखडा, आणि लांबीचा अंदाज येईल अशी एकही वस्तू शेजारी नाही. दिसला तर विक्रेत्याला त्याच पंपाशेजारी टेप ठेवून, आजची तारीख लिहिलेल्या कागदासह नवा फोटो मागा. आणि तो येईपर्यंत एक पैसाही पाठवू नका.