कांतियोंची क्रीक: आंबट चेरी आणि संयमाची बिअर

ब्रसेल्सच्या मिदी रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आंडरलेख्ट भागातल्या एका साध्या रस्त्यावर, कांतियों हा १९०० साली सुरू झालेला बिअरचा छोटा कारखाना आहे. तो आजही एकाच कुटुंबाकडे असून १९७८ पासून संग्रहालय म्हणूनही खुला आहे. तिथे प्यायलेल्या क्रीकविषयी, म्हणजे आंबट चेरी घातलेल्या लॅम्बिक बिअरविषयी, लिहितो आहे.

लॅम्बिकमध्ये यीस्ट बाहेरून घातले जात नाही. माडावरून उतरवलेली नीरा जशी आपोआप आंबून माडी होते, किंवा गोव्यात काजूच्या बोंडांचा रस फेणीसाठी स्वतःहून आंबतो, तसाच हा प्रकार आहे. मात्र इथे वाट पाहावी लागते ती वर्षानुवर्षे. बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू यांचा अर्क, मुद्दाम जुने करून कडूपणा घालवलेल्या हॉप या वेलीच्या फुलांबरोबर उकळून, माळ्यावरच्या पसरट तांब्याच्या पात्रात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि वास्तूतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत चालते, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू फार वाढतात. पिंपांच्या दालनातली कोळ्यांची जाळीही कोणी झाडत नाही, कारण फळांवर घोंघावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात.

लाकडी पिंपात मुरलेल्या लॅम्बिकमध्ये लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम चेरी, बियांसकट, घालतात. फळांतली साखर पुन्हा आंबू लागते आणि जवळजवळ सगळी संपते. म्हणूनच ग्लासातला रंग माणकासारखा लाल असला, तरी गोडी शोधून सापडत नाही. पहिला घोट जिभेला चांगलाच झोंबतो. दुसऱ्या घोटापासून मात्र चेरीच्या सालीचा तुरटपणा, बियांमुळे येणारा बदामाचा पुसट गंध आणि जुन्या लाकडाचा, किंचित तबेल्याची आठवण देणारा वास वेगवेगळे कळू लागतात. तबेल्याचा उल्लेख तक्रार म्हणून केलेला नाही. ब्रेटानोमायसेस या रानटी यीस्टची ती ओळख आहे, आणि त्या यीस्टच्या एका जातीला ब्रसेल्सवरूनच ब्रुक्सेलेन्सिस हे नाव मिळाले आहे.

यापूर्वी एका दुकानातून चेरीची बिअर म्हणून आणलेल्या बाटलीत मला सरबताखेरीज काही लागले नव्हते. त्या चिकट गोडव्यानंतर ही क्रीक प्यायली, तेव्हा ताज्या फळाचा आणि पाकाचा फरक किती मूलभूत आहे हे मला पहिल्यांदा नीट उमगले. आंबटपणा इथे फळाला झाकत नाही, उलट त्याला उभे राहायला आधार देतो, आणि माझ्या मते हेच या बिअरचे सर्वांत मोठे यश आहे.

ज्यांना आमसुलाचे सार किंवा चांगले आंबलेले ताक आवडते, त्यांनी ही जरूर घ्यावी. हलकी, गोडसर बिअर हवी असणाऱ्यांचा मात्र विरस होईल. गझ, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिकचे फळांविना केलेले मिश्रण, वर्षानुवर्षे ठेवता येते. क्रीकचे तसे नाही, कारण काळ लोटला की आंबटपणा पुढे येतो आणि चेरी मागे पडते. त्यामुळे बाटली वर्षभरात उघडावी, उघडण्यापूर्वी काही तास उभी ठेवावी आणि तळाचा गाळ हलू न देता हलक्या हाताने ओतावी.