ओव्हरडोसमधून वाचलेल्यांच्या भेटीला पॅरामेडिक पाठवायचा, तर पैसा कोणता? तडजोडीचा, अनुदानाचा की मेडिकेडचा

तडजोडीचा पैसा म्हणजे ओपिऑइड या अफूवर्गातल्या वेदनाशामकांवरच्या खटल्यांत औषध कंपन्यांनी कबूल केलेला, आणि मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा. अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, समितीत तुम्ही बसलेले असाल आणि हा विषय मतदानाला येणार असेल, तर पैशाच्या आधी दोन दिवसांचा विचार करा.

ओपिऑइडच्या ओव्हरडोसवर उतारा असलेल्या नालोक्सोननं शुद्धीवर आणलेला माणूस बरा झालेला नसतो. औषधाचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो. मधल्या वेळात अंग मोडून येतं, घाम फुटतो, मळमळतं, आणि ही तगमग थांबवायचा त्याला ठाऊक असलेला उपाय एकच असतो. पुष्कळ जण रुग्णालयात यायलाच नकार देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये २०११ ते २०१५ या काळात ओव्हरडोसनंतर आपत्कालीन विभागात उपचार झालेल्या ११,५५७ जणांचं पुढे काय झालं, याचा अभ्यास झाला. वर्षभरात ६३५ जण दगावले. त्यातले १३० पहिल्याच महिन्यात, आणि २९ पहिल्या दोन दिवसांत. म्हणून माझी पहिली कसोटी सरळ आहे: या पैशातून दोन दिवसांच्या आत कुणी दार ठोठावेल का?

दार ठोठावण्याची पद्धत नवी नाही. ओहायोतल्या कोलरेन टाउनशिपनं २०१५ मध्ये पॅरामेडिक (अॅम्ब्युलन्सवरचा, आपत्कालीन उपचार करणारा कर्मचारी), पोलीस आणि व्यसनमुक्ती समुपदेशक अशी तुकडी ओव्हरडोसनंतर काही दिवसांत घरी पाठवायला सुरुवात केली. मग इतरांनी ती उचलली. माझं मत विचाराल तर पोलिसाच्या जागी स्वतः व्यसनातून बाहेर आलेला सोबती असावा. आधीच धास्तावलेलं घर गणवेश पाहून दार लावून घेतं.

भेटीत नुसता धीर आणि फोन नंबर देऊन भागत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्याच दुसऱ्या अभ्यासात, ओव्हरडोसमधून वाचलेल्यांपैकी जे व्यसनाची ओढ शमवणाऱ्या औषधांपैकी मेथाडोनवर होते त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण ५९ टक्क्यांनी, आणि ब्युप्रेनॉर्फिनवर होते त्यांच्यातलं ३८ टक्क्यांनी कमी दिसलं. न्यू जर्सीनं २०१९ मध्ये पॅरामेडिकना जागेवरच ब्युप्रेनॉर्फिन देण्याची परवानगी दिली. असं करणारं ते पहिलं राज्य. ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी वेगळी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, परवानगीही २०२२ च्या अखेरीस रद्द झाली. तेव्हा औषध, ते द्यायला सांगणारा डॉक्टर आणि दुसऱ्या दिवशीची क्लिनिकमधली जागा, या तिन्हींचा खर्च हिशेबात धरा.

आता पैसा. तिन्ही वाटा समोरासमोर ठेवल्या की फरक रकमेपेक्षा स्वभावात दिसतो.

फेडरल अनुदान सुरुवातीला सगळ्यांत सोयीचं. २०१६ च्या व्यसनविषयक कायद्यातून पहिल्या प्रतिसादकांसाठी, म्हणजे घटनास्थळी सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या पॅरामेडिक, पोलीस वगैरेंसाठी, अनुदानं निघाली. त्यातून प्रशिक्षण होतं, नालोक्सोन येतं, माणूस नेमता येतो. पण मुदत ठरलेली असते, अहवालांचं ओझं असतं, आणि मुदत संपली की नेमलेला माणूस जातो. त्याच्याबरोबर त्यानं वस्तीत कमावलेला विश्वासही जातो. शिवाय मार्च २०२५ मध्ये फेडरल आरोग्य खात्यानं व्यसन आणि मानसिक आरोग्यासाठीची सुमारे १ अब्ज डॉलरची कोविडकाळातली अनुदानं मुदतीआधीच एकाएकी रद्द केली. प्रकरण न्यायालयात गेलं, पण पगार न्यायालयाच्या तारखांवर चालत नाहीत.

मेडिकेडचं उलट. एकदा दर ठरला की पैसा भेटीमागे भेट येत राहतो. अडचण मुळातच आहे: अॅम्ब्युलन्सला पैसे मिळतात ते बहुतेक करून माणसाला नेल्याचे. घरी जाऊन तासभर बोलणं, औषध देणं, क्लिनिकपर्यंत सोबत करणं याला अनेक ठिकाणी बिलात रकानाच नाही. मिनेसोटात २०१२ पासून मेडिकेड कम्युनिटी पॅरामेडिकच्या, म्हणजे घरी जाऊन सेवा देणाऱ्या पॅरामेडिकच्या, कामाचे पैसे देतं, म्हणजे हे होऊ शकतं. पण मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यानं, २०२१ मध्ये रुग्णाला रुग्णालयात न नेताही पैसे देण्याचा जो प्रयोग सुरू केला, तो पाच वर्षांचा ठरला असूनही २०२३ च्या अखेरीस बंद झाला. सहभागच पुरेसा मिळाला नव्हता. शिवाय घर नसलेल्या, कागदपत्रं हरवलेल्या माणसाचा विमा चालू आहे की नाही, हे शोधण्यातच ते दोन दिवस निघून जातात.

उरतो औषध कंपन्यांशी झालेल्या तडजोडीचा पैसा. माझा कौल याच्या बाजूनं आहे. २०२२ मध्ये पक्क्या झालेल्या राष्ट्रीय तडजोडीत औषधांचे तीन मोठे वितरक १८ वर्षांत २१ अब्ज डॉलरपर्यंत देणार आहेत, आणि जॉन्सन अँड जॉन्सन ५ अब्जांपर्यंत. किमान ८५ टक्के रक्कम ओपिऑइडच्या संकटावरच खर्चायची आहे. मान्य खर्चांच्या यादीत नालोक्सोन, औषधोपचार आणि पहिले प्रतिसादक तिन्ही आहेत. अठरा वर्षं म्हणजे एका पॅरामेडिकची जवळजवळ अख्खी नोकरी. आणि हा पैसा ज्या घरांतून माणसं गेली त्यांच्या दुःखापोटी आलेला आहे. तो त्याच दारांपर्यंत परत जावा, असं मला मनापासून वाटतं.

धोका एकच, पण मोठा. काउंटी आधीपासून कामावर असलेल्या पॅरामेडिकचा पगार या निधीवर टाकते आणि वाचलेला पैसा दुसरीकडे वळवते. कागदावर खर्च नियमात बसतो, दारावर मात्र एकही नवी भेट होत नाही. लहान काउंटीच्या वाट्याला तर अनेकदा एका माणसाच्या पगाराइतकीही रक्कम येत नाही. तिनं शेजारच्या दोन-तीन काउंट्यांशी मिळून एकच तुकडी ठेवावी.

म्हणून मी असं वाटून टाकीन: पॅरामेडिक आणि सोबती यांचे पगार तडजोडीच्या निधीतून, पहिल्या वर्षाचं प्रशिक्षण आणि साहित्य मिळालं तर अनुदानातून, आणि राज्याकडे मेडिकेडच्या दरासाठी पाठपुरावा पहिल्या दिवसापासून. तुमच्या राज्यात तो दर आधीच असेल तर बिलाचं काम लगेच सुरू करा. तडजोडीचा पैसा मग विमा नसलेल्यांसाठी मोकळा राहील. ठराव मांडताना त्यात दोन वाक्यं लिहून घ्या. या निधीतून फक्त नवीन पदं भरली जातील. आणि दर महिन्याला समितीपुढे एक आकडा येईल: किती ओव्हरडोस झाले, त्यातल्या किती जणांच्या दारी ४८ तासांत कुणी पोहोचलं.