चार प्लगचं बिल, तीन सिलिंडरची गाडी

२३,८५० रुपये गेले आणि इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, खोललंसुद्धा नव्हतं.

गाडी २००९ ची आल्टो, ७९६ सीसी. सिग्नलला थांबल्यावर तापमानाचा काटा लालकडे सरकला, बॉनेटमधून वाफ आली. जवळच्या गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण काढून त्याची आतली बाजू समोर धरली. त्यावर लोण्यासारखा पिवळट थर होता. "साहेब, ऑइलमध्ये पाणी उतरलंय. हेड गॅस्केट गेलं. अशीच चालवली तर इंजिन सीझ होईल." हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनमधलं सील. १०,००० तिथल्या तिथे यूपीआयने दिले.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, ओढली नाही, हे आजही डोक्यातून जात नाही. चार सेकंदांचं काम! ऑइलमध्ये पाणी उतरलं असतं तर डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ चहासारखं दिसलं असतं. फक्त झाकणाखाली थर असेल तर बहुतेक वेळा ती साठलेली वाफ असते. रोज दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा गार झाकणाला धरतो आणि ऑइलमध्ये घुसळला जातो. हे मला ठाऊक होतं. पण गाडीत घरची माणसं, मागून हॉर्न, समोर वाफ. अशा वेळी माणूस दाखवलं तेच बघतो, आणि त्या गॅरेजवाल्याला ते चांगलं माहीत होतं.

दुसरी खूणही समोरच होती. मोकळ्या रस्त्यावर ६०-७० च्या वेगात काटा मध्यावर, गाडी थांबली की वर. म्हणजे आधी रेडिएटरचा फॅन बघायचा. धावत्या गाडीत वारा रेडिएटर गार ठेवतो, थांबल्यावर सगळा भार फॅनवर येतो. याउलट हायवेवरच तापत असेल तर चोक झालेला रेडिएटर, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नाहीतर वॉटर पंप. गॅस्केटचा संशय कधी घ्यायचा? कुठेही गळती नसताना कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होतंय, इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, गार गाडी सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होतोय, किंवा शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) एकदम पडलंय, तेव्हा. कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय हेड खोलायला हो म्हणू नका.

आता बिल. गॅस्केट सेट ३,४५०, हेड फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) २,८००, ऑइल ५ लिटर २,७५०, कूलंट ६ लिटर २,१००, स्पार्क प्लग ४ नग १,०००, मजुरी ११,७५०. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपास लागतं, कूलंट चार लिटरही मावत नाही. आणि प्लग चार! दर सिलिंडरला एकच प्लग, आणि गाडी तीन सिलिंडरची आहे. उरलेले १३,८५० देताना मी फक्त शेवटची बेरीज पाहिली.

तीन दिवसांनी काटा पुन्हा वर. दुसऱ्या मेकॅनिकने फॅनचा रिले (फॅन चालू करणारा विजेचा स्विच) काढून शेजारचा त्याच नंबरचा रिले लावला, फॅन फिरला. नवा रिले २८० रुपये. मग त्याने टॅपेट कव्हरवर, म्हणजे हेडवरच्या झाकणावर, टॉर्च मारली. बोल्टांवर धूळ-तेलाचा काळा थर जसाच्या तसा, एकाही बोल्टला पाना लागल्याची चकाकी नाही. ते कव्हर काढल्याशिवाय हेड उतरत नाही. फेसिंग खरंच झालं असेल तर लेथवाल्याची पावती असते, जुनं गॅस्केट असतं. जुने पार्ट काम सुरू होण्याआधीच मागून ठेवा. मी नंतर मागितले तर "भंगारात गेले".

पोलिसांकडे गेलो. "ही दिवाणी बाब आहे, ग्राहक आयोगात जा." फोटो दाखवले, बिल दाखवलं. कोऱ्या कागदावरचा अर्ज ठेवून घेतला, पण पोच म्हणून शिक्का मारून प्रत देईनात. खोटं काम दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्यांदा अर्जच सापडेना. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या सेवेसाठी फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. हे सगळं खरं. पण तिथल्या खिडकीवर म्हणाले, काम झालंच नाही याचं तज्ज्ञाचं लेखी मत आणा. तो दुसरा मेकॅनिक लिहून द्यायला तयार नाही, त्याला त्याच रस्त्यावर धंदा करायचाय. अधिकृत सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बाहेरच्या कामाबद्दल आम्ही काही लिहून देत नाही. मग सामान्य माणसाने तज्ज्ञ आणायचा कुठून?

बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही. पक्कं बिल आणि त्यावर गाडीचं किलोमीटर रीडिंग, दोन्ही आग्रहाने घ्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू देऊ नका, त्याने चांगलं हेडही वाकतं. गाडी सोडण्याआधी टॅपेट कव्हरचे बोल्ट आणि होजच्या क्लिपा यांचे मोबाइलवर फोटो काढा. माझ्याकडे फक्त नंतरचे आहेत, म्हणून गॅरेजवाला म्हणतो की धूळ तीन दिवसांत बसली.

पोलिसांकडच्या अर्जाला आज ४१ दिवस झाले. आवक क्रमांक अजून दिलेला नाही.