प्लेफेअर डिस्प्ले : मथळ्यासाठीच घडवलेला टाइपफेस
क्लाउस एगर्स सोरेनसेन यांनी आरेखित केलेला आणि २०११ साली मुक्त परवान्याखाली उपलब्ध झालेला ‘प्लेफेअर डिस्प्ले’ हा रोमन लिपीचा सेरिफ (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा असलेला) टाइपफेस, म्हणजे अक्षरसंच, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, विशेषतः इंग्रज अक्षरकार जॉन बास्करव्हिलच्या, अक्षरवळणाशी नाते सांगतो. रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीची जागा अणकुचीदार धातूच्या निबने घेतल्यावर जाड आणि बारीक रेषांतील अंतर जे वाढले, तेच येथे पूर्ण दिमाखात दिसते. लहान लिपीतील (a, b, c) अक्षरांची उंची मोठी आणि खाली उतरणाऱ्या रेषा आखूड असल्यामुळे दोन ओळींचा मथळा अगदी जवळ बसवूनही तो गुदमरत नाही; मासिकाच्या मुखपृष्ठावर किंवा अत्तराच्या वेष्टनावर हा गुण फार उपयोगी पडतो. तिरपे वळण तर सरळ वळणाहूनही देखणे आहे, असे माझे मत आहे. मजकुराच्या आकारात मात्र बारीक रेषा पडद्यावर विरून जातात, त्यामुळे परिच्छेदांसाठी शांत प्रकृतीचा दुसरा टाइपफेस घ्यावा. अंक मूलतः वरखाली झुलणारे असल्याने किमतींच्या तक्त्यात समान उंचीचे अंक आठवणीने निवडावे लागतात. देवनागरी अक्षरे यात नाहीत, म्हणून द्वैभाषिक मांडणीत जाड-बारीक रेषांत तसाच कॉन्ट्रास्ट असलेला जोडीदार वेगळा शोधावा लागतो. विनामूल्य असल्याने तो सर्वत्र दिसतो, आणि स्वतःची वेगळी ओळख हवी असलेल्या ब्रँडला हीच गोष्ट खटकू शकते.