पावसाळापूर्व गटारसफाई: काढतात छान, उचलायचं नाव नाही

मे सरत आला की खान्देशातल्या नगरपरिषदा गटारसफाईला हात घालतात. हे परीक्षण तालुक्याच्या अशाच एका गावातल्या कामाचं. पाचपैकी अडीच गुण, आणि ते अडीचही गाळ काढणाऱ्यांचे.

दीड फुटी गटारात जेसीबी घातला नाही, हे पहिलं शहाणपण. त्याचं मागचं बकेट दोन-तीन फुटी असतं. अरुंद गटारात ते कोंबलं की काठाच्या विटा निघतात आणि पुढच्या पावसाळ्यात माती तिथूनच ढासळते. जेसीबी मोठ्या नाल्यावर, गल्लीत फावडं, पंजा आणि घमेलं, अशी वाटणी ठेवली होती. ढापे, म्हणजे गटारावरच्या झाकणफरश्या, पहारीने उचलून खालचा गाळही ओढला. एरवी दोन ढाप्यांमधलं गटार चकाचक करतात आणि ढाप्याखालचं तसंच सोडतात. पाणी तुंबतं ते नेमकं तिथेच. काळ्या मातीचा गाळ मेच्या उन्हात इतका घट्ट होतो की फावडं घुसत नाही. आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी सोडलं होतं, त्यामुळे काम झपाट्याने उरकलं.

घोटाळा त्यानंतरचा. काढलेला गाळ काठावर एक-दोन दिवस निथळू देणं बरोबरच आहे, ओला भरला तर ट्रॉलीतून रस्ताभर सांडतो. पण इथे ढीग आठवडा उलटला तरी जागचे हलले नाहीत. मग रावेर-यावलकडे केळी आडवी करणारं ते वादळ येतं, एक जोरदार सर पडते, आणि बारीक काळी माती होती तिथे परत जाते. उरतात पिशव्या, नारळाच्या शेंड्या आणि चिंध्या. त्या वाहत जाऊन कोपऱ्यावरच्या पाइप मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या पाइपाच्या, तोंडाशी बोळा होऊन बसतात. म्हणजे सफाईआधी जे गटारभर पसरलेलं होतं, ते आता एकाच जागी.

हिशोब सोपा आहे. 200 फूट गटार, दीड फूट रुंदी, फूटभर गाळ: 300 घनफूट, म्हणजे तीन ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो. तीन खेपा झाल्या पाहिजेत, दोन्ही बाजूंना गटार असेल तर सहा. एकच खेप दिसली तर बाकीचा गाळ कुठे गेला हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. ठेका धावत्या मीटरवर, म्हणजे गटाराच्या लांबीवर, दिला की ठेकेदाराचं काम काढण्यापाशी संपतं. उचलण्याचे पैसे ब्रासवर, खेपांची नोंद पाहून द्यायला हवेत.

अर्धा गुण कापला तो हातमोज्यांसाठी. घरांच्या सेप्टिक टाक्यांचे पाइप उघड्या गटारात सोडलेले, गाळात काचा, आणि माणसं उघड्या हातांनी घमेली भरतात. हातमोजे परवडत नाहीत म्हणणाऱ्याने जेसीबीचं तासाचं भाडं आठवावं.

सफाई झाली की गल्लीच्या वरच्या टोकाला तीन-चार बादल्या पाणी एकदम ओतून पाहा. जिथे ते थबकतं तिथे एक तर बोळा आहे, नाही तर तळाला उलटा उतार. उलटा उतार कितीही साफ केला तरी जात नाही, तळ फोडून नव्याने करावा लागतो. त्याची तक्रार बांधकाम विभागाकडे करायची, आरोग्य विभागाकडे नाही.

गटाराकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तसा पूर कुठलंही गटार अडवत नाही. पण अर्ध्या तासाच्या सरीत दुकानाची पायरी बुडत असेल, तर तो गटाराचाच दोष.

ढीग पडून राहिले तर तारीख दिसेल असा फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात 10 रुपये भरून त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची, प्रत मागा, उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. त्यात मीटर किती लिहिलेत यापेक्षा खेपा किती लिहिल्यात ते आधी बघा.