पांढऱ्या केसांसाठी जांभळा शाम्पू: पिवळेपणासाठी घ्या, पिंजारलेल्या केसांसाठी नको

डाय सोडलेल्या बऱ्याच जणी सध्या विचारतायत की हा जांभळा शाम्पू घ्यावा का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. केस पिवळट दिसत असतील तर जरूर घ्या, पण केस पिंजारतात, उभे राहतात म्हणून घेणार असाल तर ते पैसे चांगल्या कंडिशनरवर घाला. पिवळेपणासाठी माझ्याकडून ५ पैकी ४, फ्रिझसाठी, म्हणजे केस पिंजारण्यासाठी, १.

माझे केस खांद्यापर्यंत आहेत, कपाळाकडचे पूर्ण पांढरे, मागे अजून थोडे काळे. राहते ठाण्यात, घोडबंदर रोडला, म्हणजे उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि जूनपासून पुढे दमट हवा. पांढऱ्या केसांना हे दोन्ही सोसत नाही. केसात स्वतःचा रंगच उरलेला नसतो ना, त्यामुळे बाहेरचं काहीही त्यावर लगेच दिसतं. ऊन, पाण्यातलं लोह, ड्रायरची गरम हवा, सिगरेटचा धूर, आणि आपली रंगीत तेलं पण, ते हिरवं ब्राह्मीचं नाहीतर आवळ्याचं तेल काळ्या केसांवर कळत नाही पण पांढऱ्यांवर त्याची झाक राहते. माझ्या समोरच्या बटा मुळाशी स्वच्छ पांढऱ्या आणि शेंड्याला कळकट पिवळ्या अशा दिसायच्या, खिडकीपाशी उभं राहिलं की फारच.

हा शाम्पू काय करतो ते आपल्याकडे कोणालाही पटकन कळेल, कारण पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात ना, अगदी तेच. पिवळ्यावर जांभळ्याची अगदी पातळ झाक चढली की नजरेला पांढरं दिसतं. म्हणजे पिवळेपणा धुऊन निघत नाही, झाकला जातो, आणि पुढच्या काही धुण्यांत ती झाक उतरते. म्हणून हा सारखा वापरत राहावा लागतो, एकदा लावून कायमचं काही होत नाही.

ब्रँडचं म्हणाल तर सलूनमधले महागडे आहेत, ऑनलाइन त्याहून स्वस्त पण मिळतात, मला त्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसला नाही. बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे सीआय ६०७३० असा नंबर (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगांना दिलेले ठरावीक क्रमांक) दिसला तर तो जांभळा रंग त्यात खरंच आहे. नुसती बाटली जांभळी आणि आत पांढरा शाम्पू असं पण एकदा माझ्या हाती आलंय, त्याने केसांच्या रंगात काडीचा फरक पडला नाही.

वापरायची पद्धत सांगते कारण सगळी गंमत त्यातच आहे. तेल लावलेलं असेल तर आधी नेहमीच्या शाम्पूने धुऊन घ्या, तेलावर हा नीट बसत नाही. मग ओल्या केसांना, आधी जिथे पिवळं जास्त आहे तिथे लावायचा. हातावर घेतल्यावर एकदम गडद दिसतो, घाबरू नका, फेस झाला की फिकट होतो. पहिल्यांदा १ मिनिट, फार तर २, आणि धुऊन टाका. पुढच्या वेळी गरज वाटली तर ३ पर्यंत न्या. जास्त ठेवला तर कानाजवळचे केस जांभळट दिसायला लागतात, कोरडे शेंडे तर रंग आधी ओढतात. आठवड्यातून एकदा भरपूर झालं, त्याहून जास्त नको, कारण या प्रकारचे बरेच शाम्पू केस कोरडे करतात. आणि हो, फिकट टाइल्सवर सांडला तर लगेच पाणी टाका.

मेंदीवाल्यांनी मात्र थांबा. पांढऱ्या केसांवर मेंदीचा जो केशरी रंग चढतो तो जांभळ्याने मारला जात नाही, केशरीला निळा लागतो, आणि मेंदी केसाला इतकी घट्ट धरते की धुऊन निघतच नाही. ती वाढून कापूनच जाते. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ३० सेंटिमीटर लांबी बदलायला दोन वर्षं तर सहज. डायचं पण तेच आहे. मधल्या काळात मागे दोन रंगांची रेघ दिसते, दिसू दे, केस थोडे आखूड ठेवले की सोपं जातं.

आता फ्रिझ. इथे या शाम्पूचा काही उपयोग नाही आणि खरा त्रास तर हाच आहे. वय वाढतं, पाळी जाते तसं डोक्याची त्वचा तेल कमी सोडते, केस राठ लागतात, वरचे खवले नीट बसलेले नसले की पावसाळी हवेतलं पाणी केसात शिरतं, आतले बंध सुटतात नि नवीन जागी बांधले जातात, आणि सकाळी नीट विंचरलेले केस ठाणे स्टेशनला पोचेपर्यंत चारही बाजूंना. साबणाने केस धुणाऱ्यांचं जास्तच होतं. २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी १२३ शाम्पूंचा पीएच, म्हणजे आंबटपणा-खारेपणा मोजायचं माप, तपासला होता, त्यात लिहिलंय की केसाचा पीएच ३.६७ आणि डोक्याच्या त्वचेचा ५.५ च्या आसपास, धुण्याचा पदार्थ त्याच्या फार वर गेला की केसांचं घर्षण वाढतं. अंगाचा साबण तर ९-१० वर असतो! तेव्हा साबण बंद. शिकेकाई सौम्य आहे, मला आवडते, पण पांढऱ्या केसांतून तिची तपकिरी पूड निघता निघत नाही, वापरायचीच तर उकळून गाळलेलं पाणी घ्या.

माझ्या केसांना सगळ्यात जास्त फरक पडला तो खोबरेल तेलाने, तेही धुण्याच्या आधी लावून. मुंबईत मॅरिकोच्या प्रयोगशाळेतल्या दोघांचा २००३ चा अभ्यास आहे, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तिघांची तुलना केली तर केसातलं प्रोटीन वाहून जाणं फक्त खोबरेलने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. मॅरिको पॅराशूट विकते हे ध्यानात ठेवूनच वाचा, पण माझा अनुभव तरी जुळतो. शिवाय शुद्ध खोबरेलला रंग नसतो, पांढरे केस डागाळत नाहीत. रात्रभर ठेवायची गरज नाही, आंघोळीच्या तासभर आधी शेंड्यांना चोळलं तरी चालतं.

नंतर कंडिशनर मानेखालच्या केसांना भरपूर, आणि तो केसात असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा. टॉवेलने खसाखसा पुसणं पूर्ण बंद. पंचा घ्या, जुना धुऊन मऊ झालेला, त्यात केस गुंडाळून नुसते दाबायचे. आमच्याकडे आजी-काकू सगळ्या न्हाल्यावर पंचाच बांधायच्या. पाणी निथळलं की अर्धवट ओल्या केसांवर सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर पसरून वरवर फिरवा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. सॅटिनचा उशीचा अभ्रा पण घ्या, सकाळी मागचे केस कमी पिंजारलेले असतात.

केरॅटिनबद्दल, म्हणजे पार्लरमध्ये केस गुळगुळीत करून देतात त्याबद्दल, पण विचारतात. आमच्या इथल्या एका पार्लरमध्ये नुसतं ट्रिमिंगला बसलं तरी दर वेळी मागे लागायचे, मॅडम केरॅटिन करून घ्या, नाहीतर कलर तरी, वय दिसतं. मी तिथे जाणं बंद केलं. या स्मूदनिंगच्या बऱ्याच प्रकारांत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाची वाफ सुटते, आणि पांढरे केस गरम इस्त्रीखाली पिवळे पडतात, म्हणजे पैसे देऊन पुन्हा जांभळ्या बाटलीकडेच यायचं. आणि वय दिसलं तर दिसलं! माझे केस मला असेच आवडतात, त्यांना रंग नकोय, निगा हवीय. डायने डोकं खाजतं, कपाळावर पुरळ येतं अशा बायका वर्षानुवर्षं सहन करत राहतात हे बघून फार वाईट वाटतं. बहुतेक पक्क्या काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी एकदा झाली की जात नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

शाम्पू घ्यायचा ठरलाच तर आधी सगळ्यात छोटी बाटली घ्या. आठवड्यातून एकदाच लागतो, पांढरे केस समोरच जास्त असतील तर त्याहून कमी, आणि मोठी बाटली संपता संपत नाही. पहिल्यांदा कानामागची एक बट धुऊन, वाळवून, उन्हात बघा, बाथरूमच्या ट्यूबलाइटमध्ये रंगाचा अंदाज येत नाही.