रायझन ७६०० आणि आरएक्स ७८०० एक्सटी: नाशिकचा एक उन्हाळा काढल्यानंतर

२०२४ च्या दिवाळीनंतर हा पीसी जोडला. थंडी गेली, एप्रिल-मे गेला, आता पाऊस लागलाय. म्हणजे अनुभव लिहायला हरकत नाही. आधी सामान सांगते: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, आरएक्स ७८०० एक्सटी १६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि ७५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा डबा. सगळं मिळून लाखाच्या थोडं वर गेलं. मॉनिटर १४४०पीचा आहे, १६५ हर्ट्झ.

गेम कसे चालतात यावर फार लिहीत नाही. व्हॅलोरंटला हे सामान जास्तच होतं आणि सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग बंद ठेवून मस्त चालतो. फक्त विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग लागतात. ती बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, चालू आहेत का, हे गेम उतरवण्याआधीच बघून घ्या.

सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, जुळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. एएम५ (७६०० चं सॉकेट) घेतलं की रॅम डीडीआर५च, दुसरा पर्याय नाही. पीसीपार्टपिकर या सुटे भाग जुळवून बघायच्या साइटवर यादी टाकली की बहुतेक चुका तिथेच लाल होतात. पण तुमच्या घरात अर्थिंग आहे का, हे ती साइट सांगत नाही.

रॅमबद्दल एमजी रोडवरच्या दुकानांत मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला: आत्ता दोन स्टिक घ्या, पुढे अजून दोन टाका. डीडीआर४ च्या काळात ठीक होतं. रायझन ७००० मध्ये दोन स्टिकला एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. म्हणून १६-१६ ची जोडी एकाच पाकिटातली घेतली, ६००० ची. ती आपोआप ६००० वर चालत नाही. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू करेपर्यंत माझी ४८०० वरच होती. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहते, बोर्डावर रॅमचा दिवा तसाच पेटलेला. घाबरून स्विच बंद करू नका, बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो.

कॅबिनेट घ्यायला जाताना टेप घेऊन जा. माझं कार्ड ३२ सेंटिमीटर आहे. खोक्यावर ‘३३ सेंटिमीटरपर्यंत’ लिहिलेलं एक कॅबिनेट उघडून मोजलं, तर तो आकडा पुढचे पंखे न धरता होता. पंख्याची जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे कार्ड बसलंच नसतं. दुकानदाराला आवडलं नाही, पण मोजू दिलं. कूलरच्या उंचीचंही तसंच. प्रोसेसरसोबत आलेला कूलर छोटा आहे, पण मार्चपासून त्याचा आवाज डोक्यात जायला लागला, म्हणून साडेपंधरा सेंटिमीटरचा टॉवर कूलर टाकला. आधीच्या एएम४ सॉकेटचे बरेच कूलर एएम५ वर बसतात, पण बोर्डामागची प्लेट काढून स्वतःची लावणारे बसत नाहीत, कारण एएम५ ची प्लेट सॉकेटलाच धरलेली असते.

आता विजेचं. एका दुकानात कॅबिनेटसोबत बिननावाचा ‘६५० वॉट’ एसएमपीएस जवळजवळ फुकट देत होते. घेतला नाही. या कार्डासाठी एएमडीच ७०० वॉट सांगते. मॉड्युलर (वायरी काढता-लावता येणारा) एसएमपीएस घेतलात तर त्याच्या वायरी त्याच्याच ठेवा. एसएमपीएसकडची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. दुसऱ्याची वायर बसते, आणि मग एसएसडी जळू शकते.

यूपीएसला लोक ‘६०० चा घ्या, पुरतो’ म्हणतात. ते ६०० व्हीए असतात, वॉट साधारण ३६०. कार्ड २६३ वॉट खातं, प्रोसेसर ८८ पर्यंत जातो, वर बोर्ड, पंखे आणि मॉनिटर. चारशेच्या पुढे गेलंच. ऐन गेममध्ये लाइट गेली की तो यूपीएस ओरडून बंद पडणार. मी १००० व्हीएचा घेतला आणि गेम चालू असताना प्लग काढून तपासला. तुम्हीही तपासा. साध्या यूपीएसची वेव्ह शुद्ध साइन नसते, आणि काही चांगल्या एसएमपीएसना अशी वेव्ह चालत नाही.

अर्थिंग नसल्याचं लक्षण म्हणजे अनवाणी पायाने कॅबिनेटच्या स्क्रूला बोट लावलं की मुंग्या येणं. आमची बिल्डिंग जुनी, आणि आमच्याकडे नेमकं तेच झालं. एसएमपीएस खराब नव्हता. त्याच्या आतला फिल्टर थोडी वीज बॉडीकडे सोडतो, आणि ती अर्थिंगच्या वायरीने निघून जायला हवी. वायरमनने सॉकेट उघडलं तर तिसरं भोक नुसतं शोभेचं, मागे वायरच नाही. मेन बोर्डापासून नवी वायर ओढल्यावर मुंग्या बंद झाल्या.

मे महिन्यात दुपारी एसीशिवाय खेळताना कार्डाचा हॉटस्पॉट, म्हणजे त्यातली सगळ्यात गरम जागा, नव्वद अंशांच्या घरात जायचा. मर्यादा ११० आहे, त्यामुळे धोका नव्हता, पण पंखे असे भणभणायचे की आई बाहेरून दार लावून घ्यायची. फ्रेम सेकंदाला ९० वर बांधल्या आणि पॉवर लिमिट थोडी खाली घेतली. खेळताना फरक कळत नाही. समोर टॉवरचं बांधकाम चालू असल्याने कॅबिनेटची पुढची जाळी दर पंधरवड्याला झटकावी लागते.

माझं बघून मावसभावानेही असाच पीसी जोडला आणि आठवडाभर ‘कार्ड हळू आहे’ म्हणत होता. मॉनिटरची एचडीएमआय वायर कार्डाऐवजी मदरबोर्डात लावली होती. ७६०० मध्ये बारीकसं ग्राफिक्स असतंच, त्यामुळे चित्र दिसतं आणि शंका येत नाही. ग्राफिक्स नसलेला ७५००एफ असता तर स्क्रीन काळीच राहिली असती.

पुढे दुसरी एसएसडी टाकायची आहे. तिचा स्लॉट नेमका कार्डाखाली आहे, म्हणजे आधी कार्ड काढणं आलं. तुमचा बोर्ड निवडताना फोटोत तेवढं बघून घ्या.